परतीचे पक्षी बघायचेत? नांदूरमध्यमेश्वरला असं जा
फेब्रुवारी संपता संपता पाहुणे पक्षी उत्तरेकडे निघायला लागतात, म्हणून मार्चची वाट बघू नका, आत्ताच निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य गाठा, रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण आहे ते. नाशिकहून पहाटेच निघा, उजाडताना चापडगावच्या मनोऱ्यावर पोचलात तर ऊन पाठीशी ठेवून बसा, नाहीतर बदकं नुसती काळी दिसतात. थापट्या नावाचं बदक चोचीवरूनच कळतं, अगदी चमच्यासारखी असते. काठच्या चिखलात पिवळा धोबी नीट बघा, जायच्या आधी नराचं पोट हळदीसारखं पिवळं होतं, फार सुंदर दिसतो! येताना फुललेला पळस दिसला की थांबाच, गुलाबी पळसमैना असतात, आणि प्लीज जवळ जाऊन उडवू नका, त्यांना मध्य आशियापर्यंत जायचंय.