पेप्टाइडचं जेल बिघडतंय? या चुका टाळा

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. तिचं पाण्यात जेल धरलं नाही की खापर पेप्टाइडच्या बॅचवर फुटतं. बॅच कधीतरी खराब निघतेही, पण बहुतेक वेळा घाई नडलेली असते. रेणू आपोआप जुळून धाग्यांचं जाळं करतात आणि त्यात पाणी अडकतं, हे खरं. पण जाळं कसं विणलं जाईल, ते त्यांना किती सावकाश जुळू देता यावर ठरतं.

एफमॉक-डायफेनिलअ‍ॅलनिन (दोन अमिनो आम्लांचं छोटं पेप्टाइड) अल्कलीत विरघळवून वरून हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबथेंब सोडलं, की थेंब पडेल तिथे नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात आणि बाकीचं द्रावण पातळच राहतं. त्याऐवजी ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन वापरा. पाण्यात त्याचं हळूहळू ग्लुकॉनिक आम्ल होतं, त्यामुळे पीएच सगळीकडे सारखा उतरतो. एकदा हलवा, रात्रभर ठेवा, मध्ये हात लावू नका. पीएच मीटरचा इलेक्ट्रोडही त्याच बाटलीत बुडवू नका. मोजायला वेगळा नमुना ठेवा. आणि पीकेए (ज्या पीएचला पेप्टाइडचा आम्लगट निम्मा प्रभारमुक्त होतो) ३.५ धरून हिशोब करू नका, धागे त्याच्या बरेच वर जुळायला लागतात.

पेप्टाइड आधी डीएमएसओ या द्रावकात विरघळवायच्या वाटेने गेलात, तर पाणी घालताच द्रावण दुधाळ होतं आणि काही मिनिटांत आपोआप नितळतं. ते नितळेपर्यंत व्हॉर्टेक्सवर (नळी जोरात घुसळणारं यंत्र) धरायचा मोह होतो. तिथेच जेल मोडतं. (डीएमएसओ असताना सीडी स्पेक्ट्रम, म्हणजे रेणूंची घडण दाखवणारी प्रकाश-चाचणी, घेण्यात अर्थ नाही, खालची तरंगलांबी तो स्वतःच शोषतो.)

आरएडीए-१६ या १६ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडची गोष्ट उलटी. ते क्षारांनी जमतं, म्हणून साठ्याचं द्रावण पीबीएसमध्ये (क्षारयुक्त फॉस्फेट द्रावण) नव्हे, शुद्ध पाण्यात करा. साठा घट्ट वाटला तर सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी हलवणारं यंत्र) ठेवा. तुटलेले धागे नंतर पुन्हा जुळतात.

जेलमध्ये वाढवायला घेतलेल्या पेशी मरत असतील तर आधी टीएफएवर (पेप्टाइड बनवताना मागे राहणारं ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल) संशय घ्या. विकतचं पेप्टाइड बहुधा टीएफए क्षाराच्या रूपात येतं, त्यामुळे द्रावण आम्लधर्मी असतं. पेशी सुक्रोजच्या द्रावणात मिसळा, जेलवर मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) भांड्याच्या भिंतीच्या कडेने सोडा आणि सुरुवातीला ते लवकर-लवकर बदला. हाच टीएफए वजनातही घोळ घालतो: १० मिलिग्रॅम पावडरीत निव्वळ पेप्टाइड ७५ टक्के असेल, तर हातात ७.५ मिलिग्रॅमच पडलं. एफटीआयआर या अवरक्त प्रकाशाच्या चाचणीतही तो १६७३ सेमी⁻¹च्या आसपास शिखर दाखवतो, आणि ते बीटा-शीटचं (साखळ्या शेजारी-शेजारी जुळल्याची खूण) समजून लोक खूश होतात.

बाटली उलटी केली, जेल खाली आलं नाही, एवढ्यावर फोटो काढून मोकळे होऊ नका. ऱ्हिओमीटरवर (जेलचा ताठपणा मोजणारं यंत्र) आधी स्ट्रेन स्वीप घ्या, म्हणजे ताण वाढवत मोजा, ताठपणा ज्यात बदलत नाही तो रेषीय पट्टा शोधा, मगच जी-प्राइम, म्हणजे ताठपणाचा आकडा, लिहा. प्लेटच्या कडेने पाणी उडू देऊ नका, नाहीतर तासाभरात जेल 'मजबूत' झाल्यासारखं दिसेल.