डुकरीण उलटली? या चुका तपासा आणि टाळा

जुलै उजाडला की इंदूरच्या आसपासच्या वराहपालकांचा एकच प्रश्न असतो: ‘मादी उलटली, म्हणजे नर लावूनही पुन्हा माजावर आली, काढून टाकू का?’ मादी काढू नका, आधी वही काढा. फळवल्यापासून किती दिवसांनी ती पुन्हा माजावर आली ते मोजा. 18 ते 24 दिवस निघाले, तर गर्भ राहिलाच नव्हता. 25 ते 35 दिवस निघाले, तर बहुधा राहिला होता आणि गेला. या दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

माझी एक यॉर्कशायर मादी दोनदा उलटली, एकदा 29व्या दिवशी, एकदा 31व्या. मी नराला दोष देत बसलो. चूक माझीच होती. दोन्ही वेळा फळवल्यावर दहा-बारा दिवसांत मी तिला दुसऱ्या खोलीत, अनोळखी माद्यांत सोडलं होतं. तिथे मारामारी झाली आणि गर्भ टिकले नाहीत. पहिला महिना गाभण मादीची जागा बदलू नका.

गर्भ राहतच नसेल तर वेळ तपासा. योनी लाल, सुजलेली दिसली की लगेच नर सोडणं ही घाई आहे. माज दोन-तीन दिवस टिकतो आणि बीज सुटतं ते माजाचा बराचसा काळ सरल्यावर. नर जवळ असताना मादीच्या पाठीवर दोन्ही हातांनी दाब द्या. खऱ्या माजात ती पाय रोवून उभी राहते, कान टवकारते, ढकललं तरी हलत नाही. तेव्हापासून साधारण बारा तासांनी एकदा आणि पुढच्या बारा तासांनी पुन्हा फळवा.

आता जुलैच का? कारण नौतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, आणि तापलेल्या नराचं वीर्य पुढे पाच-सहा आठवडे कमजोर राहतं. मेमधल्या पत्र्याच्या शेडची किंमत अशी पावसाळ्यात चुकती होते. जनावर भिजवा, पण शेडमधून वारा खेळू द्या. कोंदट ओलावा उलट त्रासच देतो. माळव्याच्या रात्री थंड होतात, त्याचा फायदा घ्या: खाणं आणि फळवणं पहाटे किंवा रात्री उरका.

मंडीतून स्वस्तात आणलेला बुरशीचा मका हा आणखी एक घातक सौदा. झिअरालेनोन नावाचं विष त्यात असू शकतं. न फळवलेल्या लहान माद्यांच्याही योनी एकदम सुजलेल्या दिसल्या, तर ते पोतं त्याच दिवशी बंद करा. उन्हात घातल्यानं ओल जाते, विष जात नाही.

खाण्यात आपण उलटं करतो. गाभण म्हणून खूप चारतो आणि व्याल्यावर हात आखडतो. गाभणपणी दोन-अडीच किलो खाद्य पुरतं. दहा पिल्लं पाजणारीला मात्र पाच-सहा किलो आणि भरपूर पाणी हवं. पिल्लं दुधावरून तोडल्यावर मादी चार ते सात दिवसांत माजावर यायला हवी; पाजताना खंगलेली येत नाही.

वाळलेली, काळपट मेलेली पिल्लं पडली, तर पार्व्हो या विषाणूची शंका घ्या. गाभ पडत असतील, तर उंदीर आणि त्यांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरा जिवाणूकडे बघा. पडलेलं पिल्लू उघड्या हातानं उचलून फेकू नका. हातमोजे घाला, पिशवीत बांधा, बर्फात ठेवा आणि महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासणीसाठी विचारा.