पुढचा ब्रेक धरून राहायचा, तेव्हा काय केलं

बाईक ढकलताना जड लागायला लागली, म्हणून आधी टायरमधली हवा तपासली. ती बरोबर होती. पुढचं चाक उचलून हाताने फिरवलं तर अर्धा फेराही न घेता थांबलं. थोडं चालवून आल्यावर डिस्कवर (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती) पाण्याचे दोन थेंब टाकले, चर्र करून उडाले. लिव्हर सोडला तरी पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पट्ट्या, घासत होते.

दोष वर मास्टर सिलिंडरमध्ये (लिव्हरपाशी ऑइलला दाब देणारा पंप) की खाली कॅलिपरमध्ये (चाकापाशी पॅड धरून दाबणारा भाग), हे आधी ठरवा, नाहीतर उगाच सगळं खोलत बसाल. चाक अडकलेलं असताना ब्लीड निपल, म्हणजे कॅलिपरवरचा ऑइल-हवा काढायचा छोटा स्क्रू, जरासा सैल करायचा. चाक लगेच मोकळं झालं तर ऑइलचा दाब परत जात नाही, होज (ऑइलची नळी) किंवा मास्टर सिलिंडर बघा. माझं तसंच अडकून राहिलं, म्हणजे दोष कॅलिपरमध्ये.

कॅलिपर उतरवला. आतला पॅड झिजून बाहेरच्याच्या निम्मा उरलेला! कॅलिपर जिच्यावर सरकतो ती स्लाइड पिन ओढून काढावी लागली. तिच्यावरचं ग्रीस सुकून तपकिरी खपली झालं होतं. खपली काढली, पिन स्वच्छ पुसली, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. साधं ग्रीस इथे अजिबात नको, रबर फुगतं. पॅडची जोडी नवी घातली.

निपल उघडलाच होता, म्हणून डॉट ४ ऑइलही (ब्रेकचं ऑइल) बदलून आत अडकलेली हवा काढली. हे ऑइल ओलावा शोषतं आणि रंग खातं, पेट्रोलच्या टाकीवर फडकं टाका. निघण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबा. पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही.

आता चाक एका झटक्यात चार-पाच फेरे घेतं.