लेझरजेट १०२० लिनक्सवर कसा चालवायचा

झेरॉक्सच्या दुकानात, वकिलाच्या टेबलावर, शाळेच्या ऑफिसात एचपीचा लेझरजेट १०२० अजून ठणठणीत चालताना दिसतो. तोच उबंटू किंवा मिंट ही लिनक्स सिस्टीम असलेल्या संगणकाला जोडला की प्रिंट दिल्यावर ‘काम पूर्ण’ असा संदेश येतो आणि कागद मात्र जागचा हलत नाही. अशा वेळी तो भंगारात काढू नका, बहुतेकदा त्यात बिघाड नसतो.

या प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या प्रिंटरच्या नेहमीच्या भाषा कळत नाहीत. पानाचे ठिपके संगणकानेच तयार करायचे आणि झेडजेस्ट्रीम नावाच्या खास पद्धतीत पाठवायचे. शिवाय फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरला चालवणारा आतला प्रोग्रॅम, त्याच्यात कायमचे साठवलेले नसते. बटण बंद केले की ते गेले. पुन्हा चालू केल्यावर संगणकाने ते दरवेळी नव्याने चढवावे लागते. विंडोजचा ड्रायव्हर हे आपल्या नकळत करतो, लिनक्सवर ती सोय आपण लावायची.

१. प्रिंटर चालू करून केबल थेट संगणकाला लावा. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ‘एलएसयूएसबी’ (lsusb) कमांड द्या. यादीत लेझरजेट १०२० दिसला नाही तर आधी केबल बदलून बघा.

२. सिस्टीमने परस्पर जोडलेला प्रिंटर सेटिंग्जमधून काढून टाका.

३. एचपीलिप (hplip) हे एचपीच्या प्रिंटरसाठीचे ड्रायव्हर पॅकेज इन्स्टॉल करा.

४. आता ‘एचपी-प्लगइन’ ही कमांड चालवा. सगळी अक्षरे लहान, मध्ये जोडरेघ. इंटरनेट लागेल आणि परवान्याला होकार द्यावा लागेल, कारण एचपीलिप मुक्त (ओपन सोर्स) असले तरी प्लगइन हा जोडभाग एचपीच्या मालकीचा आहे. फर्मवेअर यातच असते, म्हणून ही पायरी गाळून चालत नाही.

५. ‘एचपी-सेटअप’ चालवून प्रिंटर जोडा.

६. प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा, थोडे थांबा आणि चाचणी पान काढा. तरीही कागद हलला नाही तर ‘एचपी-फर्मवेअर’ कमांडने फर्मवेअर हाताने चढवता येते.

महिनोन्महिने नीट चाललेला प्रिंटर एखाद्या अपडेटनंतर अचानक गप्प झाला, तर पहिला संशय प्लगइनवर घ्या. एचपीलिप आणि प्लगइन यांची आवृत्ती तंतोतंत जुळावी लागते. एचपीलिप पुढे गेले आणि प्लगइन मागे राहिले की काम अडते. चौथी पायरी पुन्हा करा, सगळे काढून नव्याने इन्स्टॉल करत बसू नका.

फू-टू-झेडजेएस (foo2zjs) हा मुक्त ड्रायव्हरही या मॉडेलला चालतो, पण फर्मवेअरची फाइल त्यालाही वेगळी आणून द्यावी लागते. दोन्ही एकाच वेळी ठेवू नका, गोंधळ होतो.

कॅननच्या एलबीपी २९०० ला यातले काही लागू पडत नाही. त्याची पद्धत कॅप्ट ही आहे आणि तिचा ड्रायव्हर वेगळा. नवीन प्रिंटर घेणार असाल तर खोक्यावर एअरप्रिंट (ॲपलची ड्रायव्हरशिवाय छापण्याची पद्धत) लिहिले आहे का ते आवर्जून बघा. असा प्रिंटर आजच्या लिनक्सवर सहसा कंपनीच्या ड्रायव्हरशिवायच चालतो.