आसॉ, गो की निक्का? कोरियन वाक्यं जोडताना प्रत्यय कसा निवडावा

'जाऊन', 'भेटून', 'धुऊन' हे सगळं मराठीत एकट्या '-ऊन'वर भागतं. कोरियनमध्ये त्या जागी कधी '-आसॉ' (धातूनुसार '-ऑसॉ') येतो, कधी '-गो'. कारण सांगायचं असेल तर '-निक्का'ही स्पर्धेत उतरतो. निवड पुढच्या क्रमाने करा.

१. आधी वाक्याचा शेवट पाहा. पहिला भाग कारण सांगतोय आणि शेवटी आज्ञा, विनंती किंवा 'चला, करू या' आहे? मग '-निक्का'च. 'पिगा ओनिक्का उसानुल काज्यॉगासेयो': पाऊस येतोय, तेव्हा छत्री घेऊन जा. इथे '-आसॉ'चं रूप 'वासॉ' चुकीचं ठरतं. मराठीत जिथे हा 'तेव्हा' सहज बसतो, तिथे बहुतेक वेळा 'निक्का' लागतो.

२. माफी किंवा आभार असतील तर '-आसॉ'. 'नुजॉसॉ मियान्हेयो', म्हणजे उशीर झाला, माफ करा. इथे 'निक्का' लावलं तर माफीऐवजी आपण आपली बाजू मांडतोय असं ऐकू येतं.

३. काळ तपासा. कारणवाचक '-आसॉ'च्या आधी भूतकाळाचं चिन्ह लावत नाहीत. 'खूप खाल्ल्यामुळे पोट दुखलं' यातल्या 'खाल्ल्या'मुळे मराठी माणूस 'मॉगॉस्सॉसॉ' करून बसतो. बरोबर रूप: 'मानि मॉगॉसॉ पेगा आफास्सॉयो'. काळ शेवटच्या क्रियापदात दिसतो, अगदी आपल्या '-ऊन'सारखाच. 'निक्का'ला मात्र भूतकाळ चालतो: 'मॉगॉस्सुनिक्का'.

४. कारण नाही, नुसतं एकामागून एक? खरी कसोटी इथे लागते, कारण आपल्या कानाला दोन्ही सारखेच वाटतात. स्वतःला विचारा: पहिल्या क्रियेतून जे हाती आलं ते दुसऱ्या क्रियेत वापरलं जातंय का? वापरलं जात असेल तर '-आसॉ', नुसता क्रम असेल तर '-गो'.

'साग्वारुल शिसॉसॉ मॉगॉस्सॉयो': सफरचंद धुऊन खाल्लं. जे धुतलं तेच खाल्लं. 'सोनुल शित्को पाबुल मॉगॉस्सॉयो': हात धुऊन जेवलो. हात काही खाल्ले नाहीत, म्हणून 'गो' ('त'नंतर त्याचा उच्चार 'को' होतो). तसंच 'छिन्गुरुल मान्नासॉ यॉङह्वारुल ब्वास्सॉयो' म्हणजे मित्राला भेटून त्याच्यासोबत सिनेमा पाहिला. 'मान्नागो' म्हटलं की भेट आधी झाली, सिनेमा नंतर वेगळा पाहिला, असा अर्थ निघतो.

या प्रकारच्या '-आसॉ'नंतर आज्ञा चालते: 'तोसॉग्वाने कासॉ कोङबुहासेयो', लायब्ररीत जाऊन अभ्यास करा. पहिल्या पायरीतली बंदी फक्त कारणापुरती आहे. ती सगळीकडे लावल्यामुळे बरीच मंडळी बरोबर वाक्यसुद्धा खोडतात.

५. कसोटीत न बसणारी क्रियापदं पाठच करा. कपडे घालणं, वाहनात बसणं, हातात धरणं यांना '-गो': 'बॉसुरुल थागो वास्सॉयो' (बसने आलो), 'ओसुल इप्को नागास्सॉयो' (कपडे घालून बाहेर पडलो; इथेही 'गो'चाच 'को' झालाय). बसणं, उभं राहणं, आडवं होणं यांना '-आसॉ': 'आन्जासॉ कीदारिसेयो', बसून वाट पाहा.

६. 'निक्का'चा आणखी एक उपयोग. 'घरी गेलो तर कुणीच नव्हतं' यातला 'तर' हवा असेल तेव्हाही 'निक्का'च: 'चिबे कानिक्का आमुदो ऑप्सॉस्सॉयो'. मराठीत 'गेलो' असलं, तरी इथे 'कास्सुनिक्का' करायचं नाही.