‘बाझी’ बघायचा तर असा बघा

गुरुदत्त समजून घ्यायचाय ना, मग डायरेक्ट ‘प्यासा’ लावू नका, आधी ‘बाझी’ बघा. १९५१ चा पिक्चर, डायरेक्टर म्हणून त्याचा पहिलाच, वय पंचविशीचं. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीत असताना देव आनंदशी दोस्ती झाली, तू डायरेक्टर झालास तर हिरो मी आणि मी प्रोड्युसर झालो तर डायरेक्टर तू असं दोघांचं ठरलेलं, आणि देवने नवकेतन ही स्वतःची फिल्म कंपनी काढल्यावर शब्द पाळला.

पहिल्यांदा बघताना काही शोधत बसू नका, स्टोरीपण वाचू नका, गपचूप सलग बघा. जुगारात हात चालणारा मदन, बहीण आजारी, पैशाची तंगी, मग क्लबवाल्यांच्या तावडीत सापडतो, एवढं पुरे. मोबाईलवर मात्र नको, मी तसाच बघितला होता आणि अर्धा पिक्चर नुसता काळा दिसला, क्लबचा बॉस अंधारात बसतो, चेहरा दिसत नाही, ती मजाच गेली. मोठ्या स्क्रीनवर लावा आणि खोलीतले दिवे घालवा.

दुसऱ्यांदा फक्त गाणी. खरा गुरुदत्त तिथेच सापडतो. ‘तदबीर से बिगडी हुई’ मुळात गझल, संगीतकार एस. डी. बर्मननी तिला क्लबात शोभेल अशी चाल लावली, आणि क्लबची डान्सर झालेली गीता बाली गिटार घेऊन मदनला डाव खेळायला भरीस पाडते, म्हणजे गाणं चालू आहे तोवर स्टोरी थांबत नाही. एकदा आवाज बंद करून बघा, नुसत्या क्लोजअपवर सगळं कळतं.

मग ‘सुनो गजर क्या गाए’. जिवावर बेतलंय हे गीता बाली नाचता नाचता मदनला सांगतेय. यात आरशापासून सुरू होणारा एक शॉट आहे, तो मागे घेऊन घेऊन दोन-तीनदा बघाच. असिस्टंट कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी तो सुचवला आणि कॅमेराही स्वतः चालवला, गुरुदत्त इतका खुश की पुढच्या ‘जाल’पासून कॅमेरा मूर्तींकडेच.

डॉक्टर मुलीचा भाग मला कच्चा वाटतो, नेहमीची श्रीमंत-गरीब मांडणी आहे, पण स्किप करू नका, शेवटाला लागतो.

नंतर गोव्यातल्या स्मगलिंगचा ‘जाल’, मग ‘आरपार’, आणि सगळ्यात शेवटी ‘कागज के फूल’. त्यात स्टुडिओत वरून येणारा तो उजेडाचा झोत आहे ना, तो मूर्तींनी बाहेरचं ऊन आरशांनी आत वळवून आणला होता.