मोटरहोम घेऊन निघताना: खारघरहून घाटमाथा आणि सुखरूप परत

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, आणि तेव्हापासून ठाणे-नवी मुंबईतली कुटुंबेही भाड्याच्या मोटरहोमने, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने, नाशिक, महाबळेश्वर किंवा कोकण गाठण्याचा विचार करू लागली आहेत. रात्री चोर आले तर काय, हा अशा कुटुंबांचा पहिला प्रश्न असतो. माझ्या मते तो शेवटी विचारावा. त्याआधी वजन, घाट आणि गॅस या तीन गोष्टींची तयारी झालेली असावी.

आधी काट्यावर चला

गाडीच्या आरसीवर तिचे भारासह कमाल वजन दिलेले असते. 7,500 किलोपर्यंतची गाडी हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. गाडी त्याहून जड असेल तर तसा परवाना असलेला चालकच घ्यावा. हा आकडा कागदावर पाहून भागत नाही, कारण 100 लिटरची पाण्याची टाकी भरली की 100 किलो वाढतात, आणि त्यावर माणसे, सिलिंडर, किराणा व मागे टांगलेल्या सायकली येतात. सगळे सामान भरून झाल्यावर कळंबोली किंवा तळोज्याकडच्या, ट्रक तोलणाऱ्या एखाद्या वजनकाट्यावर गाडी तोलून घ्यावी. वजन जास्त भरले, तर पाणी अर्धे ठेवून ते मुक्कामी भरून घेणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. जड सामान खाली आणि दोन्ही चाकजोड्यांच्या मध्ये ठेवावे. मागच्या चाकांच्याही मागे भार गेला, की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड सैल पडते.

टायरची नक्षी चांगली दिसली म्हणून समाधान मानू नये. या गाड्या महिनोन्‌महिने एका जागी उभ्या असतात, त्यामुळे रबर झिजण्याआधीच म्हातारे होते. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. बाजूच्या भिंतीला बारीक तडे दिसले, तर गाडी बदलून मागावी. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी.

उंची डोळ्यांसमोर ठेवा

छतावरच्या एसीसकट गाडीची उंची मोजून ती कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावी आणि डॅशबोर्डवर चिकटवावी. रोज मोटार चालवणाऱ्याला डोक्यावरचा अडथळा पाहण्याची सवयच नसते. रेल्वेखालचे भुयारी मार्ग, पुलांच्या तोंडाशी लावलेल्या लोखंडी कमानी, सोसायटीचे फाटक आणि कोकणातल्या गावरस्त्यावर झुकलेल्या आंब्याच्या फांद्या या चारही ठिकाणी तो कागद उपयोगी पडतो.

घाट: उतरताना जास्त जपा

आपण राहतो ते कोकणपट्टीत, समुद्राच्या पातळीजवळ. त्यामुळे पुणे, नाशिक किंवा माळशेजच्या वाटेने जुन्नरकडे जाताना आपण घाट चढतो आणि परतताना उतरतो. म्हणजे सुट्टी संपलेली, चालक थकलेला, मुले कंटाळलेली आणि घरी पोहोचण्याची घाई लागलेली असते, नेमकी तेव्हाच बोरघाटाची किंवा कसारा घाटाची उतरण समोर येते. परतीचे वेळापत्रक याच हिशेबाने आखावे. घाट दिवसाउजेडी उतरता येईल असे निघावे आणि उतरण सुरू होण्यापूर्वी, लोणावळा किंवा इगतपुरीला, अर्धा तास थांबून चहा घ्यावा.

उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे इंजिनच तिला रोखून धरते. चढताना जो गिअर लागला असता तोच उतरताना, हा जुन्या ट्रकचालकांचा हिशेब मोटरहोमलाही लागू पडतो. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर ते तापतात, त्यांतले तेल उकळू लागते आणि ऐन वळणावर पेडल पोकळ लागते. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हा तर शुद्ध वेडेपणा आहे. जळका वास आला, तर सुरक्षित रुंद जागा पाहून थांबावे आणि ब्रेक आपोआप निवू द्यावेत. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नये. जुन्या रस्त्याने जाणारे कित्येक चालक आजही बोरघाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाला हात जोडतात. आपणही जोडावेत, गिअर मात्र खालचाच ठेवावा.

गाडी चालू असताना कोणीही पलंगावर झोपू नये किंवा ओट्याशी उभे राहू नये. सर्वांनी पट्टा असलेल्या आसनावरच बसावे. आमच्या पहिल्या प्रवासात एका वळणावर कपाट उघडून कुकर जमिनीवर आदळला. तिथे कोणी बसले नव्हते, एवढेच नशीब. तेव्हापासून निघण्यापूर्वी प्रत्येक कडी हाताने ओढून पाहण्याचे काम घरातल्या एकाच माणसाकडे असते.

गॅस आणि हवा

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून त्याचा गळतीसूचक खाली हवा, आणि फरशीजवळची झरोक्याची जाळी थंडी वाजते म्हणून कापडाने कधीही बुजवू नये. सिलिंडर उभा व पट्ट्याने बांधलेला असावा, आणि गाडी हलण्यापूर्वी त्याचा नॉब बंद करावा. वास आला तर दिव्याचे कोणतेही बटण न दाबता सर्वांनी बाहेर पडावे, दार उघडे ठेवावे आणि दूर जाऊन 1906 वर फोन करावा.

अर्धवट जळणातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला मात्र वासच नसतो. बंद गाडीत शेगडी पेटवून ऊब घेणे किंवा जनरेटर खिडकीखाली चालू ठेवून झोपणे यामुळे माणसे झोपेतच दगावतात. त्याचा वेगळा सूचक पलंगाजवळ लावावा. सर्वांचे डोके एकदम दुखू लागले, तर पित्त म्हणून गोळी घेत बसण्याआधी बाहेर मोकळ्या हवेत यावे.

मुक्काम

द्रुतगती मार्गाच्या कडेला झोपण्यासाठी थांबू नये. पर्यटन महामंडळाचे निवासस्थान, कृषी पर्यटन केंद्र किंवा रखवालदार असलेले आवार उजेड असतानाच गाठावे. गाडी तोंड बाहेर करून लावावी, म्हणजे रात्री काही संशयास्पद वाटले तर दार न उघडता सरळ निघता येते. त्यासाठी चालकाच्या आसनापर्यंतची वाट पिशव्यांनी अडवू नये. मदतीसाठी 112, आणि राष्ट्रीय महामार्गावर 1033.

अलिबागकडे गेलात, तर वाळूवर गाडी नेऊ नये. ओहोटीला घट्ट वाटणारी वाळू जड गाडीची चाके गिळते, आणि साधारण सहा तासांत भरती पूर्ण होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी नेहमीच्या रेषेच्याही वर येते. गाडी गावातल्या वाडीत लावावी आणि समुद्रावर पायी जावे.